जाब विचारता येईल तिथं खरेदी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकांत बोलणं होतं ते विकण्यावर. शाळूला काय दर निघाला, कापसाला हमीभाव मिळाला का, काट्यावर किती मारलं, आडत किती कापली. हे बोललंच पाहिजे. पण वर्षभरात आपण जेवढ्या वेळा विकायला जातो, त्याच्या कितीतरी पट वेळा विकत घ्यायला जातो. बियाणं, खत, औषध, पेंड, दोर, ताडपत्री, मोटारीचं सामान, तेल, मीठ, साबण, पोरांची दप्तरं. विकताना दर समोरचा सांगतो आणि घेतानाही समोरचाच सांगतो. मधे जे उरतं त्याला आपण उत्पन्न म्हणतो. म्हणून आज मी खरेदीवर बोलणार आहे. आपण काय घेतो, कुणाकडून घेतो, आणि माल खोटा निघाला तर कुणाच्या दारात जाऊन उभे राहतो.

हा विषय आज काढायचं कारण तुमच्या खिशात आहे. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ इथल्या वाड्या-वस्त्यांवर आता मोबाइलवर मागवलेला माल येतो. सुरुवात पोरांच्या बुटांनी आणि साड्यांनी झाली, मग फवारणीचा पंप आला, आणि आता औषध आणि बियाणंही येऊ लागलं. कोणी म्हणतो, दुकानदाराची लूट थांबली. कोणी म्हणतो, गावची दुकानं आणि आठवडी बाजार बुडणार. मी दोघांचंही ऐकतो आणि माझा प्रश्न विचारतो: या व्यवहारात शेतकऱ्याच्या हातात काय उरलं?

एकाच हातात तीन दोऱ्या

थोडं मागं जाऊ. १८७४ च्या डिसेंबरात पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या करडे गावच्या लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून जिन्नस घ्यायचे नाहीत, त्यांची कामं करायची नाहीत, असं ठरलं. आसपासच्या गावांनी तेच केलं. पुढं १२ मे १८७५ रोजी सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात जे शिकवतात ते हेच. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांना कर्जात दिलासा देणारा कायदा करावा लागला.

लोकांचा राग दुकानावर का निघाला? कारण मीठ-मिरची विकणारा तोच, कर्ज देणारा तोच आणि खळ्यावरचं धान्य उचलणारा तोच. तीन दोऱ्या एका हातात होत्या. विकताना दर कमी लावला तरी बोलता येत नव्हतं, कारण देणं बाकी. घेताना दर जास्त लावला तरी बोलता येत नव्हतं, कारण दुसरा कोणी उधार देत नव्हता. हिशोबाची वही त्याच्या घरात. करडेकरांनी पहिलं हत्यार उचललं ते कुऱ्हाड नव्हे. कुठं खरेदी करायची नाही, एवढंच त्यांनी ठरवलं. गिऱ्हाईक म्हणून आपली ताकद किती असते, हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

ही गोष्ट सांगितली ती आजच्या मापासाठी. कुठलंही दुकान असो, गल्लीतलं नाहीतर मोबाइलमधलं, तिथं आपल्या किती दोऱ्या एका हातात जातात ते बघायचं. काही ठिकाणी कृषी सेवा केंद्रवाला उधारीवर औषध देतो आणि सुगीत मालही तोच घेतो. मोबाइलवरचं दुकानही आता म्हणू लागलंय, आज घ्या, पैसे पुढच्या महिन्यात द्या. वही बदलली. ती आता कागदाची नाही, एवढाच फरक.

व्ही.पी.पासून मोबाइलपर्यंत

घरबसल्या माल मागवणं हे काही आकाशातून पडलेलं नाही. आपल्या देशात टपाल खात्यानं व्ही.पी.ची पद्धत १८७७ मध्ये सुरू केली. पोस्टमननं पुडकं आणायचं, पैसे घ्यायचे आणि ते विकणाऱ्याला पाठवायचे. पुस्तकं, औषधं, घड्याळं अशी गावोगाव पोचली. आज ज्याला 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणतात तिचं हे थोरलं भावंड. तेव्हाही पुडक्यात जाहिरातीतला माल असेलच याची हमी नव्हती. पैसे देईपर्यंत पुडकं फोडता येत नव्हतं.

मग १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड आला. ही सहा आकडी पद्धत बसवली टपाल खात्यातले आपले मराठी अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. आज ४१५ किंवा ४१६ नं सुरू होणारा आकडा घातला की पुडकं सातारा-सांगलीकडे वळतं, ते त्या कामामुळं. २०१६ मध्ये स्वस्त इंटरनेट, मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आणि नोटाबंदी हे एकाच वर्षात आलं. आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आठवडी बाजार बंद पडले, तेव्हा ज्यांनी कधी मोबाइलवर काही घेतलं नव्हतं त्यांनाही सवय लागली. बाजार पुन्हा भरले, पण सवय राहिली.

मोबाइलनं काय दिलं

जे दिलं ते मान्य करू. पहिली गोष्ट, दर कळला. पूर्वी बॅटरीवरच्या पंपाची किंमत तालुक्याचा दुकानदार सांगेल ती. आज मेंढरामागं बसलेला पोरगासुद्धा चार ठिकाणचा दर बघतो आणि मग दुकानात जातो. घासाघीस करायला आकडा हातात असतो. हे मोठं काम झालं आणि त्याचं स्वागत केलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, निवड वाढली. पंपाचं नोझल, वॉशर, ठिबकचा एखादा सांधा, चाळणीची जाळी. तालुक्याला नाही म्हणून पूर्वी सांगली नाहीतर पुण्याला जावं लागायचं, एक दिवस आणि भाडं जायचं. ते वाचलं.

तिसरी गोष्ट, दुकानदाराला धाक बसला. तो बसायलाच हवा होता. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळायची, पण सोबत नको असलेली बाटली घ्यायलाच लावायची. याला लिंकिंग म्हणतात आणि ते बेकायदा आहे. अनुदानाचं खत ऑनलाइन येत नाही. ते दुकानातल्या यंत्रावर अंगठा लावूनच घ्यावं लागतं. म्हणून काही दुकानदार तिथं अडवतात. अशा दुकानदाराची बाजू घ्यायला मी उभा नाही. गावचं दुकान म्हणजे देवमाणूस आणि मोबाइल म्हणजे चोर, असा भाबडा हिशोब आपल्याला परवडत नाही.

मोबाइल काय देत नाही

आता दुसरी बाजू. मी शेतकी कॉलेजात शिकलो, म्हणून ती शाळूवरून सांगतो.

रब्बी ज्वारीचं बियाणं जमिनीवर ठरतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा आणि भारी जमिनीला फुले वसुधा असे वाण सांगितले आहेत. आपली जुनी मालदांडी आहेच. आता एकाच शिवारात ओढ्याकाठी काळी जमीन असते आणि वर माळाला वीतभर माती. मोबाइलवरच्या चित्रात सगळीकडं एकच टपोरं कणीस असतं. ते चित्र तुम्हाला विचारत नाही की बाबा, तुझी माती किती खोल. चांगला दुकानदार विचारतो, कृषी सहायक विचारतो, शेजारचा म्हातारा न विचारता सांगतो.

दुसरं, वेळ. कोरडवाहू शेतकऱ्याची पेरणी तारखेवर नाही, वाफशावर असते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा शाळूचा काळ खरा, पण पाऊस झाला आणि वाफसा आला की हातात मोजके दिवस. पुडकं "दोन दिवसांत येईल" म्हणता म्हणता सहा दिवसांनी आलं तर ओल खाली जाते. बागायतदार पाणी देऊन सावरून घेतो. आपल्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, विकणारा कोण? मोबाइलवर दुकानाचं नाव मोठं दिसतं, पण बऱ्याच वेळा माल विकणारा तिसराच असतो. मोठी कंपनी फक्त बाजार भरवते. कुणी सुरतेतून पाठवतो, कुणी दिल्लीतून. तक्रार केली की बाजार भरवणारा म्हणतो विक्रेत्याला विचारा, आणि विक्रेता फोन उचलत नाही. बाजारात फसवणूक झाली तर पुढच्या बाजाराला आपण त्याच पालासमोर उभे राहतो, चार माणसं जमतात. मोबाइलमध्ये चार माणसं जमत नाहीत.

हिशोब मांडू

कापसाचा हिशोब करू. आपल्या दोन जिल्ह्यांत कापूस विदर्भ-मराठवाड्याइतका नाही, पण जे लावतात त्यांना हे उपयोगी पडेल. २०१५ च्या आदेशापासून बीटी कपाशीच्या बियाण्याची जास्तीत जास्त किंमत केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी बीजी-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ती ९०१ रुपये होती. धरून चला की एकरी दोन पाकिटं लागतात. झाले १,८०२. मोबाइलवर कोणी साडेसातशेला पाकीट देऊ केलं तर वाचले ३०२ रुपये.

आता वहीच्या दुसऱ्या पानावर त्या एकराची नांगरट, कुळवणी, लागणीची मजुरी, पहिलं खत आणि पहिली खुरपणी लिहा. आकडे मी सांगत नाही, तुमच्या गावचे तुम्हीच घाला. पाकीट खोटं निघालं तर हे सगळं पान गेलं, आणि पावसाळा गेला तो वेगळाच. तीनशे रुपयांच्या बचतीसाठी आपण केवढं डावावर लावतो, ते या दोन पानांवर दिसेल. उलट फवारणी पंपावर तीनशे वाचत असतील आणि पंप वाईट निघाला, तर तो परत करता येतो. हंगाम परत करता येत नाही. यावरूनच ठरवायचं, काय कुठं घ्यायचं.

तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचं बियाणंही चोरून विकलं जातं. त्या तंत्राला परवानगी मिळावी की नाही हा वाद वेगळा आहे. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोटकडे शेतकऱ्यांनी उघडपणे लागवड करून तो मांडला. पण ज्याला परवानगीच नाही त्याची पावती मिळत नाही, आणि पावती नाही तर उगवलं नाही म्हणून रडायलाही जागा नाही. खोटं बियाणं विकणाऱ्याचं फावतं ते इथंच.

खरेदीच्या तीन वाटण्या

म्हणून मी सांगतो, खरेदीची यादी करा आणि तिच्या तीन वाटण्या करा.

पहिली वाटणी, जे परत करता येतं आणि ज्यावर हंगाम अवलंबून नाही. पंप, सुटे भाग, ताडपत्री, बॅटरी, कामगंध सापळे, घरची भांडी, कपडे. हे जिथं स्वस्त आणि चांगलं मिळेल तिथं घ्या. मोबाइलवर घ्यायला काही हरकत नाही. पण गावात त्याचा कारागीर आहे का ते बघा. पंप दोनशेनं स्वस्त आला आणि दुरुस्तीला कोणी हात लावेना, तर ती स्वस्ताई पहिल्या फवारणीलाच संपते.

दुसरी वाटणी, ज्यावर हंगाम आणि जीव अवलंबून आहे. बियाणं आणि औषध. हे परवानाधारक दुकानातून, समोर बघून, पक्क्या पावतीवर घ्या. २०२२ च्या नोव्हेंबरात नियम बदलून कीटकनाशकं ऑनलाइन विकायला केंद्र सरकारनं मुभा दिली, पण विकणाऱ्याकडे परवाना हवा आणि तो तपासायची जबाबदारी ऑनलाइन कंपनीवर टाकली आहे. म्हणजे कायद्यानं विक्री चालते. तरी मी सांगतो, औषध घेताना समोर जाणता माणूस असावा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते विसरू नका. बाटलीवरचा त्रिकोण बघायची सवय लावा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. दोन औषधं एकत्र कालवायची की नाही, हे मोबाइलवरच्या जाहिरातीवरून ठरवायचं नसतं.

टॉनिक, झटका, चमत्कार अशा नावाच्या बाटल्यांबद्दल वेगळं सांगतो. जैव-उत्तेजकं २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणली गेली आणि तात्पुरत्या परवानगीवर ती विकायची मुदत जून २०२५ मध्ये संपली. नोंदणीचा क्रमांक बाटलीवर नसेल तर ती दुकानातूनही घेऊ नका आणि मोबाइलवरूनही घेऊ नका.

तिसरी वाटणी, जे विकत घ्यायचंच नाही. शाळूचं सरळ वाणाचं बियाणं आपल्या खळ्यावर तयार होतं. संकरित बियाणं दरवर्षी घ्यावं लागतं, पण मालदांडी, फुले वसुधा, फुले सुचित्रा यांचं तसं नाही. एकदा खात्रीचं बियाणं आणा, शेताच्या मधल्या भागातली निरोगी, एकसारखी कणसं निवडा, वेगळी मळा, वाळवा आणि ठेवा. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. पंचाहत्तरच्या वर उगवले तर बियाणं चांगलं. काणी येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधकाची बारीक भुकटी चोळा. एकरी चार किलो बियाणं लागतं. त्यासाठी दरवर्षी दुकान कशाला आणि मोबाइल कशाला? मायबहिणींनी हे काम पिढ्यान् पिढ्या केलंय. कणगीतलं बियाणं त्यांच्याच ताब्यात असायचं. ते पुन्हा त्यांच्या ताब्यात द्या.

पावती हे हत्यार

आता जाब विचारायचा कसा, ते सांगतो. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ चा आहे. त्याप्रमाणं दुकानदारानं साठा आणि दराचा फलक लावायचा असतो आणि रोख असो की उधार, गिऱ्हाइकाला पावती द्यायची असते. पावतीवर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीला तक्रारीत किंमत नाही. पिशवी खालून फोडा, म्हणजे वरचा टॅग शाबूत राहतो. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो. पेरून उरलेलं मूठभर बियाणं पिशवीसकट पीक निघेपर्यंत ठेवा. उगवलं नाही तर लगेच तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचे कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पंचनामा मागा. उभं पीक मोडल्यावर पंचनामा होत नाही.

कंपन्या पूर्वी म्हणायच्या, शेतकरी हा ग्राहकच नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात निकाल दिला की बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचात जाऊ शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आणखी एक सोय केली. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. विकणारा सुरतेला असो नाहीतर दिल्लीला, त्याला सातारला नाहीतर सांगलीला उत्तर द्यावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील हवाच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची.

मोबाइलवर खरेदी करणाऱ्यांनी २०२० चे नियम ध्यानात ठेवावेत. विकणाऱ्याचं नाव-पत्ता दाखवला पाहिजे, माल कुठल्या देशात तयार झाला ते लिहिलं पाहिजे, तक्रार ऐकणारा अधिकारी नेमला पाहिजे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याच्या आत दिला पाहिजे. विकणाऱ्याचा पत्ता दिसत नसेल तर तिथून घ्यायचं नाही, इतका सोपा नियम करा. "फक्त दोनच शिल्लक, दहा मिनिटांत संपेल" असली घाई, किंवा न विचारता यादीत घातलेली वस्तू, अशा तेरा युक्त्यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारनं अनुचित ठरवलं आहे. बैलबाजारात दलाल घाई करायला लागला की आपण दावं सोडून बाजूला होतो. मोबाइलवरही तेच करा. पुडकं फोडताना पोराला चित्रण करायला सांगा. ग्राहकांच्या तक्रारीला १९१५ आणि पैसे लंपास झाले तर तत्काळ १९३० हे फोन नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

उधारीची किंमत

कोणी म्हणेल, साहेब, हे खरं, पण खिशात रोख नसते. दुकानदार उधार देतो म्हणून तिथं जातो. बरोबर आहे. म्हणूनच दुकानात दोन दर विचारा, रोखीचा किती आणि उधारीचा किती. समजा महिन्याला शेकडा दोन रुपये धरले, तर वर्षाला चोवीस झाले. दुसरीकडं विकास सोसायटीचं पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर राज्य सरकारच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं बिनव्याजी पडतं. कर्ज सोसायटीचं घ्या आणि खरेदी रोखीनं करा. कर्जाची दोरी आणि खरेदीची दोरी वेगवेगळ्या हातांत ठेवा. थकबाकीमुळं ज्यांना सोसायटीचं दार बंद आहे, त्यांचा प्रश्न मोठा आहे आणि तो आपल्याला वेगळा लढावा लागेल. पण म्हणून त्यांनी मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या नादी लागू नये. १८७५ ची वही निदान गावात होती, जाळता तरी आली.

बाजार आपलाही आहे

आठवडी बाजाराबद्दल दोन शब्द. बाजारात आपण फक्त घेत नाही, विकतोही. कोंबडी, अंडी, मटकी, हुलगा, पाटीभर वांगी, शेरडू. घरच्या बाईच्या हातात रोख पैसा येतो तो तिथूनच. म्हसवडला १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा यांनी माणदेशी महिला बँक काढली ती अशाच बायांना धरून, ज्यांची बचत मोठ्या बँकांच्या हिशोबात बसत नव्हती. आपण मीठ-मिरचीसुद्धा मोबाइलवर मागवायला लागलो तर बाजारात येणारी माणसं कमी होतील, आणि माणसं कमी झाली की आपल्या पाटीला गिऱ्हाईक कमी होईल. हे दान-धर्माचं बोलणं नाही, आपल्याच धंद्याचा हिशोब आहे. बाजार महाग असेल तर भांडा, वजनात मारत असेल तर वजनमापे निरीक्षकाला बोलवा. पण तो मोडू देऊ नका.

एकट्यानं नको, वीस जणांनी घ्या

शेवटचा मुद्दा. मोबाइलवरची कंपनी स्वस्त देते, कारण ती एकदम लाखो नग घेते. आपण एकटे एक ताडपत्री घेतो. १८४४ मध्ये इंग्लंडात रॉचडेल गावी विणकर आणि इतर कारागीर अशा २८ जणांनी पैसे जमवून पीठ-लोण्याचं दुकान काढलं, भेसळ नाही आणि मापात पाप नाही या बोलीवर. जगातल्या ग्राहक सहकाराचं मूळ ते. आपल्याकडे १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत हेच करते. शेजारची कुटुंबं संघ करतात, महिन्याची यादी देतात, पंचायत एकत्र खरेदी करते आणि वाटणी सभासद आपसांत करतात. वारणाकाठच्या लोकांना वारणानगरचा सहकारी बाजार माहीत आहेच. शहरातल्या नोकरदारांना जे जमलं ते आपल्याला का जमू नये?

आपले गट आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. वीस जणांनी खताची, ताडपत्र्यांची, सापळ्यांची यादी हंगामाआधी दोन महिने करावी. तीन ठिकाणचे दर लेखी मागावेत, त्यात गावचा दुकानदारही असू द्या. मोबाइलवरचा दर त्याच्यापुढं ठेवा. वीस जणांची रोख खरेदी दिसली की तोही दर खाली आणतो, आणि माल बिघडला तर त्याच्या दारात वीस माणसं उभी राहतात. दरही मिळाला आणि जाब विचारायची जागाही राहिली. करडेच्या लोकांनी 'घ्यायचं नाही' असं एकत्र ठरवलं होतं. आपण 'कुठं घ्यायचं' हे एकत्र ठरवू.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावच्या प्रमुखानं तीन गोष्टी आणाव्यात. गेल्या हंगामातल्या बियाणं-औषधांच्या पावत्या, किती जणांकडे आहेत आणि किती जणांकडे नाहीत याची मोजणी. गावातल्या दुकानांचे रोख आणि उधार असे दोन दर. आणि पुढच्या पेरणीची वीस जणांची यादी. पावत्या नाहीत म्हणून कोणी यायचं टाळू नये. त्यांची मोजणीच पहिली करायची आहे.

मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. आता प्रश्न विचारा.